आतला खिसा

किसुमूत, बसस्टँडच्या मागच्या भिंतीला टेकून
मी पोत्यावर पुस्तकं मांडतो.
दूरदेशी कुणीतरी टाकलेली,
गठ्ठ्यांनी येतात, सदऱ्यांसारखी, बुटांसारखी,
आधीच्या माणसाचा वास थोडा अजून धरून.

सगळ्यात आधी खपतात ती सोनेरी अक्षरांची:
स्वतःला घडवा. आतला झरा शोधा.
एकवीस दिवसांत नवे व्हा.
मटाटूचे कंडक्टर घेतात, नर्सबाया घेतात,
वकिलीत तीनदा नापास झालेला एक मुलगा
हप्त्याने घेतो.
आणि मी? माझ्या डोक्यावरची छत्रीसुद्धा भाड्याची.
लोकां सांगे ब्रह्मज्ञान, हो, ठाऊक आहे मला.
कोरडा पाषाण तर कोरडा पाषाण,
सुऱ्यांना धार दगडावरच लागते.

चार दुकानं सोडून, ओट्यावर, अवूरचं शिलाईमशीन.
सतरा वर्षं शाळांचे गणवेश:
निळा, निळा, निळा,
एका शाळेचा तेवढा मरून.
एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आली,
ऐंशी शिलिंगांचं एक पुस्तक उचललं, कणा उसवलेला.
मी म्हटलं, साठ द्या, फाटकं आहे.
ती म्हणाली, फाटकं नाही, उसवलंय,
आणि पूर्ण ऐंशी मोजून गेली.
संध्याकाळी बघतो तर
गणवेशाच्या निळ्या दोऱ्याने पाठ शिवलेली,
टाके असे, की छापखान्याने लाजावं.

पुस्तकात आधीच कुणी राहून गेलेलं.
पहिल्या पानावर नाव, लीव्ह,
खाली गावाचं नाव, आम्हा दोघांनाही उच्चारता न येणारं.
पेन्सिलीच्या रेघा, कुठे एक, कुठे दोन,
कुठे इतक्या दाबून की मागच्या पानावर वळ.
मग एका पानावर प्रश्न आणि पाच रिकाम्या ओळी:
कुणीच पाहत नसेल, तर तुम्ही काय कराल?
लीव्हने पहिल्या ओळीत लिहिलेलं:
झोपेन.

अवूर इतकी हसली की मशीनवरचा दोरा तुटला.
मग गप्प झाली.
त्या पानानंतर एकही रेघ नव्हती,
जणू बाई पुस्तकातून उठली
आणि दार लोटून घेतलं.
पुढे काय झालं असेल, अवूरने मला विचारलं.
पुढे लेखक सांगतो ना, दहा पायऱ्या, मी म्हटलं.
त्याचं नाही रे. तिचं.

जानेवारी आला. शाळा उघडायच्या,
ओट्यावर आयांची रांग, मापं, उधारी, रडारड.
शाळेच्या कागदावर सगळं लिहिलेलं:
लांबी गुडघ्याखाली, चुण्या सहा,
खिसा एक, डावीकडे.
आतल्या बाजूबद्दल मात्र
कुणाला काही लिहायचं सुचलं नव्हतं.

कमरेच्या शिवणीआड, दोन बोटांएवढा,
उरलेल्या किटेंगेच्या चिंध्यांचा,
कुठे पिवळं फूल, कुठे अर्धा मोर, कुठे नुसताच लाल.
पैसे वेगळे नाहीत. कुणाला सांगितलं नाही.
मलाही नाही. मला कळलं ते
तिसरीतल्या एका मुलीचा पडलेला दात
धुण्यात हरवला नाही तेव्हा.
मग कळत गेलं, कुणाच्या खिशात काय:
खडूचा तुकडा. तळ्याकाठची शिंपली.
कामासाठी दूर गेलेल्या बापाचा फोन नंबर,
चौपदरी घडी करून.

फेब्रुवारीत पुस्तक परत घेऊन आली.
चाळीस देईन, मी म्हटलं. चालेल, म्हणाली.
शेवटची तीस पानं तिने वाचलेलीच नव्हती,
कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या.
ते पान उघडलं.
लीव्हच्या पेन्सिलीखाली निळं बॉलपेन:
मीसुद्धा. पण आधी हा एवढा एक खिसा.

तीन ओळी अजून रिकाम्या आहेत.

भाव मी एकशेवीसवर नेलाय.
गिऱ्हाईक म्हणतं, लिहिलेलं पुस्तक आहे,
स्वस्त पाहिजे.
मी म्हणतो, दादा, घासाघीस नको,
आत दोन बायका राहतात.